वुल्फ फिश ओळखायचा तर हनुवटीखालून बघा

साकोली, लाखांदूर, अर्जुनीकडच्या घरांत आता गोल्डफिश आणि ऑस्करच्या पुढे जाऊन शिकारी मासे पाळणारी पोरं दिसायला लागली आहेत. मोबाइलवर फोटो येतो, खाली ‘ब्लॅक वुल्फ, तीन इंच, ओरिजिनल’ असं लिहिलेलं असतं. पैसे जातात आणि दोन-तीन दिवसांनी थर्माकोलचा डबा ट्रॅव्हल्सच्या डिकीतून उतरतो. डब्यातला मासा नेमका कोणता, हे बऱ्याचदा विकणाऱ्याला माहीत नसतं आणि घेणाऱ्यालाही नसतं. वुल्फ फिश या एकाच नावाखाली वीतभर वाढून थांबणारा मासा विकला जातो, आणि मीटरभर लांबीचा, चाळीस किलोपर्यंत जाणारा मासाही विकला जातो. तीन इंचाचे असताना दोघेही तपकिरी, दोघेही लांबोडके.

टाकी किती मोठी हवी, उन्हाळ्यात काय करायचं, पाण्याला किती हवा द्यायची, हे सगळं मासा कोणता यावर ठरतं. म्हणून आधी ओळख, मग खरेदी. ही ओळख घरच्या घरी, एक टॉर्च, एक पारदर्शक डबा आणि मोबाइलचा कॅमेरा एवढ्यावर बऱ्यापैकी पक्की करता येते. ती कशी करायची ते पुढे लिहितो आहे.

आधी घराणं पक्कं करा

वुल्फ फिश म्हणून जे मासे एक्वेरियमच्या धंद्यात फिरतात ते एरिथ्रिनिडी या कुळातले. मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या गोड्या पाण्यात, कोस्टा रिकापासून खाली अर्जेंटिनापर्यंत, हे कूळ पसरलेलं आहे. ब्राझीलमध्ये यातल्या सगळ्यात ओळखीच्या माशाला त्राइरा म्हणतात, आणि आपल्याकडचे काही विक्रेतेही हे नाव लिहितात. टेट्रा, पिरान्हा आणि आपल्या बाजारात मिळणारा रूपचंद ज्या मोठ्या गणात येतात, त्याच गणातलं हे घराणं आहे.

आपल्या भागातल्या माणसाला वुल्फ फिश पहिल्यांदा दाखवला की तो हमखास म्हणतो, ‘ही तर मरळ आहे.’ चूक त्याची नाही. अंग तसंच गोल, तोंड तसंच मोठं, शेपटी तशीच गोलसर, आणि एका जागी दबा धरून बसायची सवयही तीच. पण दोन खुणा लक्षात ठेवल्या तर गफलत होत नाही. मरळीच्या पाठीवरचा पर डोक्याच्या थोडा मागून सुरू होतो आणि लांबच लांब शेपटीच्या जवळपर्यंत जातो. वुल्फ फिशचा पाठीवरचा पर आखूड असतो, पाठीच्या मध्यावर उभा, पंख्यासारखा. दुसरी खूण पोटाकडची. मरळीच्या पोटावरचे दोन पर पार पुढे, छातीच्या परांखाली असतात. वुल्फ फिशचे पोटावरचे पर मधोमध, साधारण पाठीवरच्या पराच्या खाली येतात. ढिवर समाजातल्या जाणत्या माणसाला मासा एकदा दाखवा. पाठीवरचा पर बघून तो क्षणात सांगेल की ही आपल्या तलावातली मासोळी नाही.

रूपचंदाशी ताडून बघितलं तर आणखी एक खूण सापडते. रूपचंदाच्या पाठीवर, मोठ्या पराच्या मागे आणि शेपटीच्या आधी, एक बारीक मांसल पर असतो. टेट्रांच्या बहुतेक जातींत तो दिसतो. वुल्फ फिशमध्ये तो नसतो. म्हणजे दात टोकदार, शेपटी गोल, पाठीवर एकच आखूड पर, कुठल्याही परात टोचणारा काटा नाही आणि मांसल पर नाही, एवढं जुळलं तर घराणं बरोबर आहे.

नावाच्या साधर्म्याने गोंधळ करणारे आणखी दोन मासे आहेत. वुल्फ सिक्लिड, म्हणजे पॅराक्रोमिस डोवी, हा मध्य अमेरिकेतला सिक्लिड. त्याच्या पाठीवरच्या पराला पुढे कडक काटे असतात, त्यामुळे तो लगेच वेगळा काढता येतो. दुसरा अटलांटिकच्या थंड समुद्रातला वुल्फफिश, अनार्हिकास लुपस. इंटरनेटवर शोधताना त्याचे फोटो आणि माहिती मध्ये येत राहते. तो खारट, थंड पाण्याचा प्राणी आहे आणि आपल्या विषयाशी त्याचा काही संबंध नाही.

मग तीन खाने

कुळात तीनच प्रजाती-समूह आहेत: एरिथ्रिनस, होप्लेरिथ्रिनस आणि होप्लियस. यातला फरक ओळखणं सोपं आहे आणि बहुतेकांचं काम इथंच अर्धं होतं.

एरिथ्रिनस एरिथ्रिनस हा बाजारात ‘रेड वुल्फ’ म्हणून येतो. साधारण वीस सेंटिमीटर, म्हणजे वीतभर. नराचे रंग खुलतात आणि पाठीवरचा पर लांबतो. होप्लेरिथ्रिनस युनिटीनिएटस याच्या अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक गडद पट्टा जातो. ‘गोल्ड वुल्फ’ नावाने जे येतात त्यात हा बऱ्याचदा असतो. तो पहिल्यापेक्षा बराच मोठा होतो. या दोघांच्या वरच्या जबड्याच्या कडेला बारीक, एकसारखे दात असतात. तिसरा होप्लियस. याच्या जबड्यात बारीक दातांच्या मध्ये मोठे सुळे उभे दिसतात, तोंड बंद असतानाही कधीकधी बाहेर डोकावतात. ‘वुल्फ’ हे नाव खरं शोभतं ते यालाच.

एक सवय बघूनही फरक कळतो. एरिथ्रिनस आणि होप्लेरिथ्रिनस मधूनमधून वर येऊन हवा गिळतात. त्यांचा वाताशय श्वासाला मदत करतो. होप्लियस असं करत नाही, तो कल्ल्यांवरच भागवतो. अर्धा तास टाकीसमोर शांत बसा आणि मासा किती वेळा पृष्ठभागावर येतो ते बघा. तेव्हा एअर पंप चालू असू द्या, कारण पाण्यात प्राणवायू कमी पडला तर कोणताही मासा वर येऊन तोंड उघडतो.

अंगावरच्या पट्ट्यावर एकट्यावर भरोसा ठेवू नका. होप्लियसच्या पिल्लांच्या अंगावरही असा गडद पट्टा दिसू शकतो, आणि पट्टा पाहून ‘गोल्ड वुल्फ’ म्हणून घेतलेलं पिल्लू पुढे सुळे दाखवू लागतं. पट्टा आणि दात दोन्ही बघा.

होप्लियसमध्ये शिरल्यावर

खरी कसोटी इथं आहे. होप्लियसच्या जाती दिसायला इतक्या सारख्या की अभ्यासकांचाही त्यांच्यात वर्षानुवर्षं घोळ होता. 2006 मध्ये होप्लियस आयमारा ही जात नव्याने स्पष्ट झाली. त्याआधी त्याच माशाला जुन्या पुस्तकांत मॅक्रोफ्थाल्मस असंही लिहिलेलं सापडतं. 2009 मध्ये ओयाकावा आणि मॅटॉक्स या अभ्यासकांनी लासेर्डे गटाची फेरमांडणी केली आणि त्यात कुरुपिरा व ऑस्ट्रालिस या दोन नव्या जाती दिल्या. याचा आपल्याला उपयोग असा, की 2009 च्या आधी ‘लासेर्डे’ नावाने जे लिहिलं गेलं ते आजच्या हिशेबाने दुसऱ्याच जातीबद्दल असू शकतं. जुनी माहिती वाचताना तारीख बघून घ्या.

छंद करणाऱ्याने होप्लियसचे तीन गट डोक्यात ठेवले तरी भागतं: मलाबारिकस गट, लासेर्डे गट, आणि एकटा आयमारा.

यांना वेगळं करणारी सगळ्यात भरवशाची बाहेरची खूण हनुवटीखाली आहे. मासा खालून पाहिला की खालच्या जबड्याची दोन हाडं दिसतात. त्यांच्या आतल्या कडा कशा जातात ते बघायचं. मलाबारिकस गटात या कडा पुढे जाताना एकदम एकमेकींकडे वळतात आणि इंग्रजी व्ही अक्षरासारखं अरुंद टोक करतात. लासेर्डे गटात आणि आयमारात त्या बराच वेळ समांतर जातात आणि पुढे रुंद, यू अक्षरासारख्या मिळतात. वरून किंवा बाजूने हे कळत नाही, म्हणून विक्रेत्याच्या नेहमीच्या फोटोत ते कधीच दिसत नाही.

दुसरी खूण जिभेची. मलाबारिकस गटात जिभेवरही बारीक दातांचे खरखरीत पट्टे असतात; लासेर्डे गटात जीभ गुळगुळीत. जिवंत माशाचं तोंड यासाठी जबरदस्तीने उघडू नका. माशाचा जबडा दुखावतो आणि तुमचं बोट तर नक्कीच फाटतं. मासा कधी मेलाच, तर टाकून देण्याआधी जीभ तपासा, फोटो काढा आणि नोंद करून ठेवा. एरवी हनुवटी पुरेशी आहे.

तिसरी खूण फक्त आयमाराची: कल्ल्याच्या झाकणाला मागे जी मऊ किनार असते, तिच्यावर एक उभा काळा ठिपका. रुंद यू आणि हा ठिपका एकत्र दिसले तर सावध व्हा. त्याच्या टाळूतलं एक हाडही नसतं, पण ते जिवंत माशात बघता येत नाही, तेव्हा आपल्यासाठी ठिपकाच कामाचा.

लासेर्डे गटातल्या पाच जातींना, म्हणजे लासेर्डे, इंटरमीडियस, ब्राझिलिएन्सिस, कुरुपिरा आणि ऑस्ट्रालिस यांना, एकमेकींपासून वेगळं करणं घरी अवघड आहे. त्यातली एक वाट मोकळी आहे. कुरुपिराच्या बाजूच्या रेघेवरचे खवले चाळीसच्या आत भरतात, त्याच्या गटातल्या इतरांचे सहसा त्याच्यावर. चांगल्या उजेडात काढलेला बाजूचा फोटो मोठा करून, कल्ल्यापासून शेपटीच्या बुडापर्यंत एकेक खवला मोजता येतो. दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. ‘ब्लॅक वुल्फ’ म्हणून जो अस्सल काळा मासा विकला जातो तो बहुतेकदा कुरुपिरा असावा अशी अपेक्षा असते, म्हणून ही मोजणी पैशांच्या दृष्टीनेही महत्त्वाची आहे.

मलाबारिकस गटात तर याहून बारीक जायचा प्रयत्नच करू नका. ही एक जात नसून अनेक जातींची गर्दी आहे. वेगवेगळ्या नद्यांतल्या माशांत गुणसूत्रांची संख्याच 39 ते 42 अशी बदलते. 2015 मध्ये एम्बिगुआ, 2016 मध्ये मिसिओनेरा, 2018 मध्ये अर्जेंटिनेन्सिस अशा जाती या गर्दीतून वेगळ्या काढल्या गेल्या. नदीचं नाव पक्कं माहीत नसेल तर वहीत ‘मलाबारिकस गट’ एवढंच लिहा, ते खरं असेल. आणि मलाबारिकस या नावावरून हा आपल्या केरळकडचा मासा असेल असं कोणी सांगितलं तर मानू नका. 1794 मध्ये ब्लॉखने नाव दिलं तेव्हा नमुन्याच्या ठिकाणाबद्दल चूक झाली होती. हा मासा मूळचा अमेरिकेचाच.

फोटो कसे काढायचे

ओळख पटवायची तर चार फोटो लागतात: पूर्ण बाजू, डोकं वरून, कल्ल्याच्या झाकणाचा जवळून, आणि हनुवटी खालून. विक्रेत्याकडेही हेच चार मागा. हनुवटीचा फोटो मागितला की समोरच्याला कळतं, घेणारा बघून घेणारा आहे.

घरी काढायचे असतील तर टाकी बनवणाऱ्या काचवाल्याकडून एक अरुंद डबा करून घ्या, माशाच्या लांबीपेक्षा थोडा मोठा आणि रुंदीला एवढाच की मासा वळू शकणार नाही. तळाची काच स्वच्छ हवी. डबा दोन स्टुलांच्या मध्ये असा टेकवा की तळाचा बराच भाग मोकळा राहील, वर भक्कम झाकण ठेवा, आणि मोबाइल खाली धरून वर तोंड करून फोटो घ्या. टॉर्च बाजूने मारा. समोरून मारली तर काच चमकते. पाणी त्याच टाकीतलं वापरा, मासा काही मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका, आणि दुपारच्या उन्हात हे काम अजिबात काढू नका.

मासा उचलताना जाळी टाळा. सुळे जाळीत अडकतात, मासा गिरक्या घेतो आणि जबडा दुखावतो. पाण्यात बुडवलेला पारदर्शक प्लास्टिकचा टब हळू पुढे सरकवा, दुसऱ्या हातातल्या लांब दांडीने मासा मागून आत ढकला आणि टब पाण्यासकट उचला. लहान मुलांना या वेळी दूर ठेवा. वुल्फ फिश हाताला खाद्य समजून झडप घालतो आणि त्याचे दात सुईसारखे खोल जातात. प्रवासात नेताना साध्या पिशवीवर विसंबू नका, झाकणाची कडक बादली बरी.

लांबी मोजायला टाकीच्या तळाला बाहेरून मोजपट्टी चिकटवून ठेवा. मासा तळाशी बसणारा आहे, कधी ना कधी पट्टीवर येऊन बसतोच. शास्त्रीय पुस्तकांतली लांबी नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतची असते, तर विक्रेता शेपटीच्या टोकापर्यंतची सांगतो. दोन्ही लिहिल्या की तुलना करता येते.

रंग बघू नका असं मी म्हणत नाही, पण रंग शेवटी बघा. काळ्या तळावर आणि अंधाऱ्या टाकीत कोणताही होप्लियस काळपट पडतो, पांढऱ्या वाळूवर फिका होतो, घाबरला तर अंगावर आडवे डाग उठतात. डब्यातून नुकत्याच काढलेल्या माशाच्या रंगावरून नाव ठरवणं म्हणजे पैसे फेकणं आहे. आठवडाभर थांबा.

तीन-चार इंचाखालच्या पिल्लाला जातीचं नाव देण्याची घाई करू नका. जबड्याचा आकार तेव्हा नीट उघड झालेला नसतो. गट लिहा, पुढे प्रश्नचिन्ह करा आणि दर महिन्याला तेच चार फोटो परत काढा.

वहीचं एक पान

प्रत्येक माशासाठी एक पान ठेवा. वर तारीख, कुठून घेतला, विक्रेत्याने सांगितलेलं नाव आणि सांगितलेली नदी. त्याखाली तुम्ही पाहिलेलं: जबडा व्ही की यू, कल्ल्यावर ठिपका आहे की नाही, खवल्यांची मोजणी, पट्टा, हवा गिळतो का. मग लांबी, काय खातो, पाण्याचं तापमान. विक्रेत्याचं म्हणणं आणि तुमचं निरीक्षण एकाच रकान्यात कधी मिसळू नका. सहा महिन्यांनी दुसऱ्या कोणाला मासा द्यायची वेळ आली तर हे पान माशाबरोबर द्यायचं असतं. आपल्या भागात हे मासे हातोहात फिरतात, आणि प्रत्येक हातात नाव बदलतं; पान सोबत असेल तर ते बदलत नाही.

नदीचं नाव विचारणं उगाच नाही. आयमारा गियानाच्या नद्यांत आणि ॲमेझॉनच्या शिंगू, तापाजोस, तोकान्तिन्ससारख्या उपनद्यांत, वेगवान पाण्यात असतो. कुरुपिराही ॲमेझॉन खोऱ्यातला. लासेर्डे दक्षिण ब्राझीलमधल्या रिबेरा दे इग्वापे आणि उरुग्वे नद्यांचा. विक्रेता ‘लासेर्डे, ॲमेझॉन’ असं सांगत असेल तर दोन्हीपैकी एक तरी चुकलेलं आहे, आणि तिथंच पुढचे प्रश्न विचारायचे.

ओळख पटली, आता टाकी

एरिथ्रिनसला तीन फुटी टाकी चालते. मलाबारिकस गटातला मासा चाळीस-पन्नास सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकतो, त्याला चार फूट लांब आणि दोन फूट रुंद टाकी ही सुरुवात समजा. दीड फूट उंची धरली तर ही बारा घनफूट, म्हणजे सुमारे 340 लिटर पाणी होतं. उंचीपेक्षा रुंदी महत्त्वाची, कारण मोठ्या माशाला वळायला जागा लागते. कुरुपिराला पाच फुटांची टाकी द्या. त्याच गटातला लासेर्डे त्याच्याहून मोठा होतो, त्याचा हिशेब सहा-आठ फुटांचा. आणि वहीत आयमारा निघाला तर प्रामाणिकपणे सांगतो, घरात ठेवायचा विचार सोडा. मीटरभर लांबीच्या माशाला काचेच्या टाकीत ठेवणं त्याच्यावर अन्याय आहे.

जोडी करायच्या भानगडीत पडू नका. होप्लियस एकेकटा ठेवायचा. सोबतचा मासा आज मोठा असेल, पण रात्री दिवे गेल्यावर हा जागा होतो आणि सकाळी टाकीत एकच उरतो. दगड, लाकडाचं मूळ, नाहीतर मातीचा मोठा पाइप अशी लपायला जागा आणि मंद उजेड द्या. वर जड झाकण हवंच. हे मासे उडी मारतात, आणि रानात तर पावसाळ्यात एका डबक्यातून दुसऱ्या डबक्यात ओल्या जमिनीवरून सरपटत जाताना पाहिले गेले आहेत.

आपला उन्हाळा आणि हा मासा

वैदर्भीय मे महिना हा इथल्या प्रत्येक टाकीची परीक्षा घेतो, आणि ओळखीचा सगळ्यात मोठा उपयोग इथं होतो. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. 30 अंशांवर तोच साडेसातपर्यंत उतरतो, आणि त्याच वेळी माशाची भूक आणि श्वास दोन्ही वाढलेले असतात.

मलाबारिकस गट साचलेल्या, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात राहायला शिकलेला आहे, कल्ल्यांवरच बराच काळ तग धरतो. एरिथ्रिनस आणि होप्लेरिथ्रिनस वर येऊन हवा घेतात. पण लासेर्डे वाहत्या, प्राणवायूने भरलेल्या नद्यांचा मासा. प्राणवायू कमी झाला की तो मलाबारिकसपेक्षा लवकर हतबल होतो. आयमाराचंही घर वेगवान पाण्यातच. म्हणजे लाइन गेली, एअर पंप बंद पडला, खोलीत 40 अंश आहेत, अशा रात्री ‘व्ही’ जबड्याचा मासा बहुधा वाचेल आणि ‘यू’ जबड्याचा मरेल. ज्या गावात तासन्‌तास लाइन जाते तिथं यू जबड्याचा मासा घेण्याआधी बॅटरीवर चालणारा एअर पंप किंवा इन्व्हर्टर घ्या.

तापमान 24 ते 28 अंशांत ठेवायचा प्रयत्न करा. झाकणाऐवजी उन्हाळ्यापुरती घट्ट बसवलेली लोखंडी जाळी लावून वरून लहान पंखा सोडला तर कोरड्या हवेत पाणी चांगलं दोन-तीन अंश खाली येतं. खोलीत कूलर असेल तर आणखी सोपं. पावसाळा सुरू झाला, हवा दमट झाली की हा उपाय चालत नाही, पण तोवर मुख्य ऊन सरलेलं असतं. पाणी उडून जाईल तेवढं रोज भरा. बर्फाच्या लाद्या थेट टाकीत सोडू नका, तापमान एकदम पडलं की मासा आजारी पडतो.

आमच्याकडच्या बऱ्याच विहिरींचं आणि बोअरचं पाणी जड आहे. मलाबारिकस गट त्यात जुळवून घेतो. धोका वेगळा: पाणी जितकं अल्कधर्मी आणि जितकं गरम, तितका अमोनिया जास्त विषारी. म्हणून मे महिन्यात खाद्य अर्धं करा आणि दर आठवड्याला चौथाई पाणी बदला. नळाचं पाणी असेल तर त्यात ब्लिचिंग पावडर असते, अँटी-क्लोरीन टाकूनच वापरा.

खायला काय

जिवंत गोल्डफिश किंवा सायप्रिनसची पिल्लं रोज खाऊ घालण्याची पद्धत बंद करायला हवी. या माशांत थायमिनेज नावाचं द्रव्य असतं, ते ब-1 जीवनसत्त्व नष्ट करतं, आणि अशा खाद्यावर वाढलेला शिकारी मासा काही महिन्यांत अशक्त होतो. वर जिवंत खाद्याबरोबर परजीवी येतात ते वेगळंच.

आपल्याकडे याहून चांगलं खाद्य दारात आहे. बाजारातले ताजे झिंगे सालीसकट, तिलापियाच्या मांसाच्या पट्ट्या, आणि गांडुळं. गांडुळं परसातली घ्या. ज्या वावरात फवारणी होते, मग ते धानाचं असो की कपाशीचं, तिथली घेऊ नका. गांडूळखताच्या खड्ड्यातली लाल गांडुळं बरेच मासे तोंडात घेऊन थुंकतात. पिल्लाला रोज थोडं, मोठ्याला आठवड्यातून दोन-तीनदा पुरतं. लांब चिमट्याने द्या, म्हणजे हळूहळू तो गोळी खाद्यावरही येतो. उरलेला तुकडा तासाभरात काढून टाका.

तलावात सोडायचा नाही

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत गोंड राजवटीच्या काळापासून बांधले गेलेले हजारो मालगुजारी तलाव आणि बोड्या आहेत. एका तलावाचा सांडवा खालच्या वावरांत जातो, तिथून पुढच्या बोडीत. एका ठिकाणी सुटलेला मासा एका पावसाळ्यात चार ठिकाणी पोहोचू शकतो. आणि मलाबारिकस गटाचा मासा म्हणजे उथळ, गढूळ, साचलेल्या पाण्यात राहणारा, उथळ खळग्यात अंडी घालणारा आणि नराने घरटं राखणारा. आपल्या बोड्या त्याला परक्या वाटणार नाहीत, याची मला खरी भीती वाटते. मरळ, मांगूर, शिंगी आणि बारीक मासोळ्यांवर ज्यांचं पोट आहे त्या ढिवर कुटुंबांना याची किंमत मोजावी लागेल.

हे होत नाही असं म्हणू नका. 2023 मध्ये भोपाळच्या तलावात आणि त्यानंतर काश्मीरच्या दल सरोवरात अ‍ॅलिगेटर गार सापडला. उत्तर अमेरिकेचा हा मासा तिथं आपणहून पोहोचणं शक्यच नव्हतं. टाक्यांमधला सकर मासा उजनीत जाळ्यात येतो. आफ्रिकन मांगूर पाळण्यावर देशात 2000 सालापासून बंदी आहे, तरी तो हटत नाही.

मासा नकोसा झाला तर वहीच्या पानासकट दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या, नाहीतर दुकानात परत करा. मेला तर पुरा. टाकीचं पाणी नालीत, तलावाच्या दिशेने सोडू नका, परसातल्या झाडांना घाला.

आणि गावातल्या कोणाच्या जाळ्यात मरळीसारखा, पण पाठीवर आखूड पर असलेला, सुळेवाला मासा आला, तर त्याला परत पाण्यात सोडू देऊ नका. बर्फात ठेवा, बाजूचा आणि हनुवटीचा फोटो काढा, कल्ल्याची किनार बघा, आता जीभही तपासता येईल. कोणत्या तलावात, कोणत्या तारखेला, किती लांबीचा, हे लिहा आणि मासा घेऊन जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जा. तलावाची मच्छीमार सोसायटी असेल तर तिलाही त्याच दिवशी सांगा, कारण पुढची जाळी त्यांचीच पडणार आहेत.